घर आणि स्टेशन यांच्या मध्ये काय आहे?

माझा मावसभाऊ सध्या घर बघतोय. कर्ज मंजूर झालंय आणि निवड दोन जागांवर येऊन अडली आहे. एक डोंबिवली पूर्वेला रामनगरात, स्टेशनपासून चालत सात-आठ मिनिटांवर, पण इमारत तीस वर्षं जुनी. दुसरी घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या पुढे नव्या टॉवरमध्ये, कर्ज जरा जास्त ताणून. नोकरी विक्रोळीला. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सरळ दोन तट पडलेत. "डोंबिवलीत पाय ठेवायला जागा नाही, फेरीवाल्यांनी स्टेशन गिळलंय" असं तरुण मंडळींचं म्हणणं. "घोडबंदरहून ठाणे स्टेशन गाठण्यातच अर्धा जन्म जाईल" असं काका-मावश्यांचं. शेवटी कुणीतरी लिहिलं, मेलबर्नवाल्यांना (म्हणजे मला) विचारा, तिकडे सगळं प्लॅनिंग करून असतं.

प्लॅनिंग करून असतं हे खरंच आहे. फक्त कशाचं प्लॅनिंग, ते जरा खोलात सांगावं लागेल.

मेलबर्नला नव्याने आलेलं मराठी कुटुंब काही वर्षं भाड्याच्या घरात काढतं आणि मग बहुधा पश्चिमेची वाट धरतं. टार्नीट, ट्रुगनिना, पॉइंट कुक, वेरिबी. कारण साधं आहे: जमिनीसकट घर परवडतं ते तिथेच, शहराच्या मध्यापासून पंचवीस-तीस किलोमीटरवर. चार बेडरूम, दोन गाड्यांचं गॅरेज, मागे कढीपत्ता आणि लिंबू लावण्यापुरतं अंगण. शनिवारी घरं बघायला उघडी असतात तेव्हाचे प्रश्न ठरलेले असतात. जमीन किती चौरस मीटर? शाळेचा झोन कुठला? स्टेशन किती लांब? शेवटच्या प्रश्नाला एजंट हसून सांगतो, "पाच मिनिटं." ती पाच मिनिटं गाडीची असतात.

टार्नीटचं स्टेशन २०१५ मध्ये सुरू झालं. तिथून जिलॉंग मार्गावरच्या डिझेल गाड्या शहरातल्या सदर्न क्रॉस स्टेशनला साधारण अर्ध्या तासात पोचतात. डब्याला दारं आहेत आणि ती बंद होतात. सकाळी टार्नीटला बसायला जागा मिळेलच असं नाही, पण दारात लटकून कुणी जात नाही. २०२५ च्या जूनमध्ये मुंब्र्याजवळच्या वळणावर लोकलमधून माणसं पडून मेली, ती बातमी इथे वाचताना माझ्या पोटात जे झालं ते कुठल्याही वादात बाजूला ठेवता येत नाही. प्रवासाच्या बाबतीत डोंबिवली आणि मेलबर्न यांची तुलनाच करू नये.

पण प्रवास स्टेशनवर संपत नाही. टार्नीटचा माझा एक मित्र सकाळी लवकर निघतो, ऑफिससाठी नव्हे, पार्किंगसाठी. स्टेशनबाहेरचं मोठं पार्किंग भरलं की मागाहून येणारे गवताच्या पट्ट्यावर गाड्या चढवतात आणि दंडाच्या पावत्या घेतात. बस आहे, पण ती सगळ्या वस्तीला प्रदक्षिणा घालत येते. पॉइंट कुकमध्ये तर स्टेशनच नाही. शेजारी विल्यम्स लँडिंगचं स्टेशन झालं ते २०१३ मध्ये, आणि ट्रुगनिनाला आजही नाही. संध्याकाळी उतरलेली माणसं मुकाट आपापल्या गाडीकडे चालत जातात. वाटेत विकत घेण्यासारखं जवळपास काही नसतं. पार्किंग, मग गोल चौक, मग रुंद रस्ता, मग घरांच्या परसांची लांबच लांब लाकडी कुंपणं. दूध संपलंय हे घरी पोचल्यावर कळलं तर गाडी पुन्हा बाहेर. म्हणून तिकडे प्रत्येक घरात दोन गाड्या असतात, आणि दुसऱ्या गाडीचा हप्ता, विमा, रजिस्ट्रेशन, पेट्रोल हे घराच्या किमतीत कुणी धरत नाही.

यात कुणाचा दुष्टपणा नाही, गणित आहे. एक मोठं सुपरमार्केट चालायला काही हजार कुटुंबं लागतात. बैठी घरं इतकी पसरलेली की चालत येण्याच्या अंतरात तेवढी कुटुंबं राहातच नाहीत. मग दुकान मोठ्या चौकात येतं, अवतीभवती पार्किंगचं मैदान घेऊन, आणि तेही घरं भरल्यावर काही वर्षांनी. तोवर लोकांना गाडीने जायची सवय लागलेली असते. छोट्या वाण्याने मधल्या गल्लीत दुकान टाकावं असं कुणाला वाटलं तरी झोनिंग आडवं येतं: जिथे राहायचं तिथे विकायचं नाही. भारतीय किराण्याची दुकानं मात्र भरपूर आहेत. टार्नीटला बाकरवडीपासून फ्रोझन पुरणपोळीपर्यंत काय हवं ते मिळतं. पण तिथेही गाडीनेच जायचं आणि आठवड्याचं भरून आणायचं.

सरकारला हे कळत नाही असं नाही. २०१७ च्या 'प्लॅन मेलबर्न'मध्ये वीस मिनिटांच्या शेजाराची कल्पना आहे: रोजच्या बहुतेक गरजा घरापासून चालत जाऊन परत येण्याच्या वीस मिनिटांत, म्हणजे साधारण ८०० मीटरच्या आत भागाव्यात. कल्पना छानच आहे. गंमत अशी की ती ज्या उपनगरांत आधीपासून खरी आहे, ट्राम, स्टेशन, बेकरी, भाजीवाला सगळं हाताशी आहे, तिथल्या लोकांना नवे शेजारी नको आहेत. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये व्हिक्टोरिया राज्याच्या प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, जसिंटा ॲलन यांनी स्टेशन आणि ट्रामच्या आसपास आणखी ५० ठिकाणी उंच इमारतींना परवानगी द्यायची योजना जाहीर केली, तीही ब्रायटनसारख्या श्रीमंत उपनगरात जाऊन. तिथे त्यांचं स्वागत निदर्शनांनी झालं. आमच्या उपनगराचं रूप बिघडेल, हा मुद्दा. परिणाम काय, तर ज्यांना स्टेशनजवळ राहायला आवडलं असतं ते टार्नीटला जातात आणि दोन गाड्या घेतात.

मी स्वतः मेलबर्नच्याच फुट्सक्रे उपनगराजवळ दोन बेडरूमच्या युनिटमध्ये, म्हणजे फ्लॅटमध्ये, राहतो. मित्रांच्या मते हा व्यवहाराचा खून आहे. इथे जमीन वाढते, बांधकाम झिजतं, असं प्रत्येक पार्टीत कुणीतरी मला ऐकवतं, आणि आकडे त्यांच्या बाजूने आहेत. मेलबर्नमध्ये युनिटची किंमत घराच्या मानाने हळू चढते. मला लिंबाचं झाड नाही. पण स्टेशनच्या समोरच फुट्सक्रे मार्केट आहे, आत मासळीच्या ओट्यांवर आरडाओरडा आहे, बाहेर व्हिएतनामी भाजीवाल्यांकडे कारली, शेवग्याच्या शेंगा, केळीची पानं, आणि मुळांसकट कोथिंबिरीच्या जुड्या. बंद व्हायच्या सुमाराला आंब्याचं खोकं निम्म्या किमतीला ओरडून विकतात. बार्कली स्ट्रीटवर भारतीय किराणा आणि साड्यांची दुकानं. मी ट्रेनमधून उतरतो, वाटेत दोन जागी थांबतो आणि घरी पोचेपर्यंत रात्रीच्या जेवणाचं ठरलेलं असतं. वेगळी फेरी नाही.

ही जी वाटेवरची खरेदी, ती डोंबिवलीकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि आपल्याकडचा वाद नेमका तिच्यावरच चाललाय.

२९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी झाली, २३ माणसं गेली. पूल अरुंद होता, पाऊस होता, गर्दीच्या मानाने जिने अपुरे होते. त्यानंतर राग निघाला तो सगळ्यांत आधी फेरीवाल्यांवर. त्याच नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीवाले बसू नयेत असं स्पष्ट केलं. पुलावर आणि जिन्याच्या तोंडाशी कुणीही बसू नये, यात वाद नाही. तिथे मीही पालिकेच्या गाडीच्या बाजूने आहे. पण २०१४ चा फेरीवाला कायदा दुसरंही सांगतो: सर्वेक्षण करा, शहर फेरीवाला समिती नेमा, विक्रीच्या जागा आखून द्या, लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्या. हा भाग वर्षानुवर्षं रखडतो आणि हाकलण्याचा भाग दर आठवड्याला होतो. सकाळी गाडी येते, टोपल्या उचलते, दुपारी टोपल्या परत. मधल्या मध्ये कुणाचा तरी खिसा भरतो, हे डोंबिवलीच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

ग्रुपवरच्या तरुणांना जी नुसती घाण आणि अडथळा दिसतो तो काय आहे ते नीट बघावं. संध्याकाळी सातच्या सुमाराला पूर्वेला उतरणाऱ्या बायकांसाठी तिथे मोडलेली गवार असते, निवडलेली मेथी असते, सोललेल्या डाळिंब्या पाण्यात घालून ठेवलेल्या असतात, खवलेलं खोबरं पुडीत असतं. घरचं एक तासाचं काम कुणीतरी दुपारभर बसून केलेलं असतं आणि ते घरच्या वाटेवर मिळतं. फास्ट लोकलमध्ये तासभर उभं राहून आलेल्या बाईला याची किंमत विचारा. मेलबर्नच्या सुपरमार्केटमध्येही चिरलेली भाजी मिळते, प्लास्टिकच्या पेटीत, दामदुप्पट भावाने. डाळिंब्या नाही मिळत.

यावर भावाचं उत्तर तयार आहे: आता बाजार लागतोच कशाला, दहा मिनिटांत सगळं दारात येतं. येतं खरं. इथे मेलबर्न-सिडनीतही तो प्रयोग झाला. मिल्करन नावाची कंपनी दहा-पंधरा मिनिटांत किराणा पोचवायची. २०२३ च्या एप्रिलमध्ये तिने गाशा गुंडाळला आणि पुढे नाव वूलवर्थ्स या सुपरमार्केट कंपनीने विकत घेतलं. इथल्या पगारात, इथल्या अंतरांत, चाळीस डॉलरच्या सामानामागे एक माणूस पळवणं परवडेना. भारतात परवडतं, कारण दुचाकीवरच्या पोराला आपण देतो ते कमी आहे. ते किती वर्षं कमी राहील यावर घर घेऊ नये. शिवाय टॉवरच्या बत्तिसाव्या मजल्यावर सगळं वरच येत असेल तर खाली उतरायचं कारण उरत नाही, आणि मग बाल्कनीतून दिसणाऱ्या येऊरच्या डोंगराचेच काय ते पैसे.

घरून कामाचं वेगळंच आहे. व्हिक्टोरिया सरकारने २०२५ मध्ये आठवड्यातून दोन दिवस घरून काम करण्याचा हक्क कायद्यात आणायचं बोलायला सुरुवात केली. माझ्या ओळखीत टार्नीटचे लोक याने सगळ्यांत खूश झाले: पार्किंगची धावपळ कमी. पण काही महिन्यांनी त्यांचीच तक्रार सुरू झाली की घरी असताना दुपारी चहाला, हवा खायला, केस कापायला चालत जावं असं काहीही नाही. ऑफिसचा प्रवास घटला की घराभोवतीच्या अर्ध्या किलोमीटरचं वजन वाढतं. हे भावालाही लागू आहे. त्याचं ऑफिस आठवड्यातून तीनच दिवस बोलावतं.

घोडबंदरला काहीच नाही असं मी म्हणत नाही. मॉल आहेत, शाळा आहेत, हॉस्पिटलं आहेत, हवा डोंबिवलीपेक्षा बरी आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये मेट्रो ४ ची चाचणी गाडीही धावली. पण निदान विक्रोळीपर्यंतची लाइन सुरू झाल्याशिवाय तिचा विक्रोळीला जाणाऱ्याला पुरता फायदा नाही, आणि बिल्डरच्या जाहिरातीत मेट्रो नेहमी उद्याच येते. तोवर बस किंवा शेअर रिक्षा, ठाणे स्टेशन, आणि तिथे चढायची तीच मारामारी. म्हणजे डोंबिवलीची गर्दी चुकत नाही, तिच्याआधी घोडबंदरचा ट्रॅफिक मात्र जोडला जातो. मला विचाराल तर मी भावाला रामनगर सांगेन.

एका गोष्टीत मात्र मावशी बोलली ते मला मान्य करावं लागलं. ती या वादात सुरुवातीपासून डोंबिवलीच्या बाजूने होती, आणि तिनेच परवा फोनवर विचारलं, "अरे, तिसरा मजला, लिफ्ट नाही. माझे गुडघे बघितलेस का? बाजार खाली असला काय नि मुंब्र्याला असला काय, मला सारखाच." पुनर्विकास होईल तेव्हा लिफ्ट येईल, पण सोसायटीत दोन गट आहेत आणि बिल्डर अजून ठरलेला नाही, अशा इमारती दहा-दहा वर्षं अडकलेल्या आपण पाहिल्यात. त्याच गल्लीत पहिल्या मजल्यावरची एक जागा विकाऊ आहे, मालक चार लाख जास्त मागतोय. घोडबंदरसाठी कर्ज ताणायला तयार झाला होता, तर ते चार लाख इथे दे, असं मी त्याला कळवलंय. आधी सोसायटीची कागदपत्रं वकिलाला दाखव, असंही.