गेलेलं मीठ भरून काढण्याबद्दल

नमस्कार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ ठेवायला सांगते, आपल्याकडे घरोघरी बीपीचे रुग्ण आहेत, आणि आम्ही मात्र आमच्या लेखात कमी कर्बोदकांच्या आहारासाठी भात-पोळी सोडणाऱ्यांना वरून मीठ घ्यायला सांगतो. डोकं दुखलं तर चार लिटर पाणी प्यावं, फार तर सैंधव वापरावं, असं तुमचं म्हणणं. यातली बीपीची काळजी अगदी रास्त आहे. औषधांबद्दलची सूचना लेखाच्या तळाशी राहिली होती, ती आता सगळ्यात वर आणली आहे. बाकी मुद्दे मात्र पटत नाहीत.

5 ग्रॅमची मर्यादा चुकीची नाही. ती नेहमीचं जेवण जेवणाऱ्यांसाठी आहे. दिवसाचं कर्बोदक 50 ग्रॅमच्या खाली गेलं की इन्सुलिन उतरतं. मूत्रपिंड सोडियम धरून ठेवतं ते काही अंशी इन्सुलिनमुळेच, त्यामुळे आता लघवीवाटे सोडियम जायला लागतं आणि त्यामागे पाणी. ग्लायकोजेनही (शरीरात साठवलेली साखर) खर्च होतं, आणि त्याच्या दर ग्रॅमबरोबर सुमारे 3 ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. पहिल्या आठवड्यात काट्यावर दीड-दोन किलो कमी दिसतात, ते बहुतांशी हेच पाणी. त्याच वेळी ताटातली आमटी, पापड, फरसाण, ब्रेडही जातात, म्हणजे पोटात जाणारं मीठही घटतं. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोकं जड होतं, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात.

चार पोळ्यांच्या दोन केल्या, रात्रीचा भात बंद केला, एवढाच बदल असेल तर वरून मीठ घ्यायचं काही कारण नाही. हे लेखात स्पष्ट लिहायला हवं होतं.

आता चार लिटर पाणी. सोडियम आधीच कमी झालेलं असताना नुसतं पाणी ओतत राहिलं की रक्तातलं सोडियम आणखी पातळ होतं. डोकेदुखी आणि मळमळ वाढते, माणूस ती तहान समजून आणखी पितो. म्हणून तहानेप्रमाणे प्यावं. लघवी फिकट पिवळी असेल तर पाणी पुरेसं आहे. दिवसभर अगदी पाण्यासारखी स्वच्छ होत असेल तर जास्त होतंय.

प्रमाण सांगतो. बीपी, हृदय, मूत्रपिंड यांचा त्रास नसलेल्या माणसाने पहिले दोन-तीन आठवडे जेवणातल्या मिठाशिवाय दिवसाला अर्धा सपाट चमचा (5 मिलीच्या मापाचा) मीठ घ्यावं. ते साधारण 3 ग्रॅम होतं, त्यात सोडियम जवळपास 1,200 मिलिग्रॅम. निम्मं सकाळी मटणाच्या अळणी रश्शात किंवा आमसुलाच्या बिनगुळाच्या सारात, निम्मं दुपारी पातळ ताकात. सगळं एकदम ग्लासभर पाण्यात कालवून रिकाम्या पोटी पिऊ नये. इतकं खारट पाणी आतड्यात पाणी ओढून घेतं, जुलाब होतात आणि भरून काढायचं तेच आणखी वाहून जातं. त्रास थांबला की हे जास्तीचं मीठही कमी करत आणावं.

सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराईडच. त्यातली बाकीची खनिजं इतकी नगण्य की त्यावर पोटॅशियम-मॅग्नेशियमचा हिशेब बसत नाही; शिवाय त्यात बहुधा आयोडीन घातलेलं नसतं. रोजचं मीठ आयोडीनयुक्तच ठेवा.

पोटॅशियमची गोष्ट मिठाशी जोडलेली आहे. सोडियम कमी पडलं की अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) वाढतं. ते सोडियम वाचवतं, पण पोटॅशियम लघवीत सोडून. त्यामुळे आधी मीठ सावरायचं, मग भाज्यांकडे वळायचं. 100 ग्रॅम कच्च्या पालकात साडेपाचशे मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं, पण उकळून पाणी फेकलं तर त्यातलं बरंच फेकलं जातं. मुतखडा होऊन गेलेल्यांनी पालकाऐवजी मेथी घ्यावी. शहाळं चांगलं, पण एका शहाळ्यात 8-10 ग्रॅम साखर सहज असते, ती दिवसाच्या 50 ग्रॅममध्ये धरावी लागते. मॅग्नेशियमसाठी 30 ग्रॅम भोपळ्याच्या बिया पुरेशा, दीडशे मिलिग्रॅम मिळतं. गोळीच घ्यायची तर मॅग्नेशियम ऑक्साईड नको: शोषलं कमी जातं, पोट मात्र बिघडतं. सिट्रेट किंवा ग्लायसिनेट बघा.

ज्यांच्यासाठी तुम्ही काळजीने लिहिलंत त्यांच्याबद्दल. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांपैकी बीपीचं एखादं औषध चालू असेल किंवा मूत्रपिंड कमजोर असेल, तर ‘कमी सोडियम’ लिहिलेलं मीठ घरात आणूच नका. त्यात पोटॅशियम क्लोराईड असतं, रक्तात पोटॅशियम साचलं तर हृदयाची लय बिघडते. लघवीची गोळी चालू असणाऱ्यांना चक्कर आली तर स्वतःहून मीठ वाढवू नये. बहुधा गोळीचा डोस उतरवायची वेळ आलेली असते, तो निर्णय डॉक्टरांचा. डापाग्लिफ्लोझिन गटातली मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांनी हा आहार डॉक्टरांना न सांगता सुरूच करू नये. साखर नॉर्मल दिसत असतानाही त्यांना कीटोअॅसिडोसिस (रक्तात धोकादायक प्रमाणात आम्ल साचणं) होऊ शकतो.

घरी बीपीचं मशीन असेल तर पाच मिनिटं आडवं पडून एकदा, उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत दुसऱ्यांदा मोजा. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर तो आकडा घेऊन दवाखान्यात जा. आणि जुलाब-उलट्या लागल्या तर कर्बोदकांचा हिशेब त्या दिवशी बाजूला ठेवा. ओआरएसच्या एक लिटरमध्ये 13.5 ग्रॅम ग्लुकोज असतं, ते आतड्यातून सोडियम आत ओढायला लागतंच. एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, अर्धंमुर्धं नाही.