पिशवी तिची, मग निर्णय कुणाचा?

मतिमंद मुलांच्या विशेष शाळेत शिकवते म्हणून मला पालक हमखास विचारतात, "बाई, हिची गर्भाची पिशवी काढून टाकली तर?" पाळीचा त्रास नको आणि 'काही झालं' तर दिवस जायची भीती नको. थकलेल्या आईला मी दोष देत नाही. माझा राग आहे तो मुलीशी एक शब्दही न बोलता तारीख देणाऱ्या डॉक्टरांवर.

पुण्यात हे सरकारी पातळीवर झालंय. 1994 च्या फेब्रुवारीत शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या मतिमंद मुलींना ससून रुग्णालयात आणून त्यांची गर्भाशयं काढली. कारण काय, तर त्यांना पाळीत स्वच्छता राखता येत नाही. महिला संघटना आणि आरोग्य कार्यकर्ते रस्त्यावर उतरले तेव्हा उरलेल्या शस्त्रक्रिया थांबल्या. अहो, पॅड बदलणं शिकवता येतं! बाहुलीवर, लाल रंग लावून, रोज तेच, महिनोन्‌महिने. वेळ लागतो, पण बहुतेक मुली शिकतात. आणि पिशवी काढल्याने बलात्कार थांबत नाही. फक्त तो कुणाला कळत नाही.

चंदीगडचा खटला म्हणूनच मला फार महत्त्वाचा वाटतो. नारी निकेतनात राहणारी अनाथ मुलगी, वय 19-20, सौम्य मतिमंदत्व. सरकारच्या आसऱ्याला असताना तिच्यावर बलात्कार झाला आणि दिवस गेले. प्रशासनाने गर्भपाताची परवानगी मागितली, उच्च न्यायालयाने दिलीही. पण तज्ज्ञांच्या समितीने तिला विचारलं होतं, आणि तिला बाळ हवं होतं! जुलै 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपात रोखला. गर्भपाताच्या कायद्यात पालकाची संमती पुरते ती अल्पवयीन किंवा मनोरुग्ण स्त्रीच्या बाबतीत. मतिमंदत्व त्या व्याख्येतून मुद्दाम वगळलेलं आहे. न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली, ती मला सगळ्यात मोलाची वाटते: हित बघायचं ते तिचं, पालकांचं किंवा समाजाच्या सोयीचं नव्हे. बाळ सांभाळायला तिला मदत लागेल हे न्यायाधीशांना दिसत होतं. मतिमंद आणि इतर दिव्यांगांसाठी कायद्याने स्थापन झालेल्या नॅशनल ट्रस्टने ती मदत द्यायची तयारी दाखवली होती.

एवढं होऊनही जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात एक बाप 27 वर्षांच्या मुलीच्या गर्भपाताची परवानगी मागत होता. मुलीला बाळ हवं होतं. बुद्धी कमी म्हणून तिला आई व्हायचा हक्क नाही का, असं न्यायालयाला पुन्हा विचारावं लागलं.

काही मुली खरंच काही सांगू शकत नाहीत, हे मला रोज दिसतं. तिथे दुसऱ्या कुणाला तरी ठरवावंच लागेल, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने तीव्र दिव्यांगत्वाच्या बाबतीत ती वाट ठेवलीय. पण त्याच कायद्यात दिव्यांग स्त्रीचा तिच्या स्पष्ट संमतीशिवाय गर्भपात करणं हा गुन्हा आहे. 6 महिने ते 5 वर्षं कैद. किती डॉक्टरांना हे माहीत आहे?

माझी मागणी साधी आहे. पालकांची सही घेण्याआधी डॉक्टरांनी त्या मुलीशी एकटीशी बोलावं. चित्रं दाखवावीत, खुणा वापराव्यात, तिच्या ओळखीच्या शिक्षिकेला सोबत बसवावं. एका भेटीत नाही जमलं, तर दुसऱ्यांदा बोलवावं. आणि ती काय म्हणाली, ते तिच्याच शब्दांत केसपेपरवर लिहावं.