पिवळी पिन कुठे लावायची?

“शनिवारी रात्री सगळे मिळून जुना टीव्ही गेम खेळू या” हे म्हणायला तीन सेकंद लागतात आणि निस्तरायला तीन तास. सत्यनारायणासारखंच असतं ते. पूजा तासाभराची, धावपळ दोन दिवसांची आणि ऐन वेळी विड्याची पानं राहिलेली. या पूजेचा मी हौशी भटजी. परळपासून मुलुंडपर्यंत कुणाच्याही माळ्यावरून गेमचा डबा खाली उतरला की फोन मला येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला: “अरे, ती पिवळी पिन कुठे लावायची?”

पिवळी पिन नंतर. आधी अडॅप्टर. माळ्यावरचा डबा बहुधा खरा निन्टेन्डो नसतोच; १९८३ साली जपानात आलेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या डब्याची ती नक्कल. तिचा अडॅप्टर कधीच हरवलेला असतो. मग प्रत्येक घरात असतो तो जुन्या चार्जरांचा खण उपसला जातो आणि कुणीतरी वायफाय राउटरचा अडॅप्टर ट्रॉफीसारखा उंचावतं. “बसतोय बघ!” बसतो, तिथेच घात होतो. मूळ फॅमिकॉमला लागतात १० व्होल्ट, तेही मधल्या टोकाला ऋण. राउटरचे अडॅप्टर बहुतेक १२ व्होल्टचे आणि मध्ये धन. नकली डब्यांचं तर काही सांगताच येत नाही. डब्याच्या बुडाशी अधिक-उण्याचं छोटं चित्र असतं. ते अडॅप्टरवरच्या चित्राशी जुळलं तरच बटण दाबा. नाहीतर उदबत्ती न लावता घरात धूर होतो.

मग कॅसेट. पिवळी, वर लिहिलेलं ‘९९९९९९ इन १’. आत खेळ मोजून दहा-बारा, बाकी सगळी त्यांचीच पुन्हा पुन्हा लावलेली रांग. कुठे मारिओ तिसऱ्या लेव्हलपासून सुरू होतो, एवढाच फरक. कॅसेट लागली नाही की घरातले सगळे काका ओळीने फुंकर मारतात. फुंकरीने काही होत नाही. कॅसेट काढून परत बसवताना तिच्या ६० पट्ट्या घासल्या जातात, म्हणून ती चालू होते, श्रेय फुंकरीला. उलट तोंडाच्या वाफेने पट्ट्या गंजतात, आणि आपल्या मुंबईच्या दमट हवेला त्या कामात मदतनीस नकोच आहे. पांढऱ्या खोडरबराने पट्ट्या हलक्या हाताने घासा, मग इअरबड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून पुसा, पाच मिनिटं वाळू द्या. एवढं केल्यावरही एक काका “थांब जरा” म्हणून फुंकतातच. फुंकू द्यावं. मानाचा प्रश्न असतो.

आता पिवळी पिन, डब्यातून टीव्हीकडे चित्र नेणारी. नव्या टीव्हीच्या पाठीमागे पिवळं भोक नसतं आणि टीव्ही भिंतीला असा चिकटवलेला असतो की पाठीमागे फक्त गाल जातो. पुष्कळ टीव्हींवर पिवळी पिन हिरव्या भोकात जाते. शेजारी बारीक अक्षरांत ‘व्हिडिओ’ लिहिलेलं असतं. चित्र कृष्णधवल आलं तर टीव्ही बिघडलेला नाही. तुम्ही टीव्हीच्या मेनूत ‘एव्ही’ऐवजी ‘कॉम्पोनंट’ निवडलंय. हिरवं भोकही नसेल, तर लॅमिंग्टन रोड. तिथे कन्व्हर्टरच्या दोन डब्या मिळतात, दिसायला जुळ्या बहिणी. एक एव्हीचं एचडीएमआय करते, दुसरी एचडीएमआयचं एव्ही. हवी असते पहिली, घरी येते दुसरी. दुकानातच डबीवरचा बाण बघून घ्या, आणि तिला यूएसबीतून ५ व्होल्टही लागतात हे विसरू नका. एक्स्टेन्शन बोर्डवर तेवढी एक जागा राखून ठेवा.

चित्र आलं की टाळ्या वाजतात. त्यानंतर मारिओ खड्ड्यात पडतो. परत पडतो. “माझा हात बसत नाहीये,” असं लहानपणी अख्ख्या चाळीत पहिला येणारा मामा कसनुसा हसून म्हणतो. मामाचा दोष नाही. नवा टीव्ही चित्र गुळगुळीत करण्यात वेळ घालवतो आणि बटण दाबल्यावर उडी उशिरा दिसते. सेकंदाचा दहावा भाग पुरतो मारिओला मारायला. सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ चालू करा. मामाची इज्जत बऱ्यापैकी परत येते.

बदकं टिपायच्या खेळातल्या बंदुकीचं मात्र नव्या टीव्हीवर काही होऊ शकत नाही. ती बंदूक काही झाडतच नाही, ती बघते. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि नळीतला डोळा त्या उजेडाची नेमक्या वेळी वाट बघतो. डब्बा टीव्ही तो तत्क्षणी दाखवतो. सपाट टीव्ही उशिरा दाखवतो, तोवर बंदुकीने डोळा मिटलेला. बदक उडून जातं, खेळातला कुत्रा हसतो. म्हणून हट्टी लोक चोरबाजारातून २१ इंची डब्बा टीव्ही आणतात. तो २० किलोच्या पुढे भरतो आणि अशा मंडळींच्या बिल्डिंगला लिफ्ट नसते. आणलाच तर मागचं झाकण उघडू नका. पिन काढून ठेवली तरी आत झटका शिल्लक असतो.

खेळ कुठला लावायचा? मारिओ नको. त्यात दोघं आळीपाळीने खेळतात, म्हणजे भाचा मरेपर्यंत आत्यांनी मारिओचा भाऊ लुईजी होऊन बसायचं, आणि भाचा मरत नाही. कॉन्ट्रा चांगला, दोघं एकदम गोळ्या झाडतात. सुरुवातीच्या पडद्यावर गुपचूप बटणं दाबायची: वर-वर, खाली-खाली, डावं-उजवं, डावं-उजवं, बी, ए, मग दोघांसाठी सिलेक्ट, आणि स्टार्ट. तीस जीव. पण धबधब्याच्या लेव्हलला जो वर धावतो तो पडदा वर ओढतो आणि खाली राहिलेला त्यात मरतो. नवरा-बायकोला ही लेव्हल एकत्र देऊ नये.

माझं मत टँकला, म्हणजे १९८५ च्या ‘बॅटल सिटी’ला. दोघं एकदम, नियम एक: विटांच्या आतला गरुड सांभाळायचा. आत्यांना हे नीट समजावलेलं असतं. “म्हणजे हा आपला ना?” “हो आत्या, आपला.” आत्या टँक फिरवतात, तोंड नेमकं गरुडाकडे येतं, एक गोळी विटेला, दुसरी गरुडाला. गेम ओव्हर. “अगंबाई, आपलाच होता का!” हे चार वेळा होतं आणि संध्याकाळ खऱ्या अर्थाने इथे सुरू होते.

खायला चिवडा ठेवा, वडापाव नको. लसणीची चटणी ए बटणाच्या रबराखाली गेली की बटण सोमवारपर्यंत दाबलेलंच राहतं.

आणि हे खेळ सेव्ह होत नाहीत. जेवायला उठताना पॉज करतात, डबा तसाच चालू ठेवतात. कॉन्ट्राची आठवी, शेवटची लेव्हल, अजून अकरा जीव हातात, सगळे वरण-भातावर घाईघाईने हात मारताहेत आणि बाहेरच्या खोलीतून शांत आवाज येतो, “अरे, ती काळी पिन काढली हं मी. माझा मोबाइल चार टक्क्यांवर आला होता.”