कोरडी सुई

माझी मान वळत नाही, हे मला सोसायटीच्या मीटिंगमध्ये कळलं. "सेक्रेटरी म्हणून यांना घेऊ या का?" असं चेअरमननी विचारलं. मी 'नाही' म्हणून मान हलवायला गेलो, तर उजव्या खांद्यातून कानामागे अशी कळ गेली की मान जागीच थिजली आणि डोळ्यांत पाणी आलं. लोकांना ते आनंदाश्रू वाटले. टाळ्या पडल्या.

आदल्या रविवारी माळ्यावरचा तांब्याचा बंब मी एकट्याने उतरवला होता. बायको "थांबा, मी स्टूल धरते" म्हणत असताना. आता त्या बंबात मनीप्लांट आहे आणि येणारा-जाणारा त्याचं कौतुक करतो. माझं कोणी करत नाही.

"उसण भरलीये," आई म्हणाली. उसणीवर तिच्याकडे एकच इलाज, पायाळू माणूस. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्याने पाठीला लाथ लावली की चमक पळते. तिच्या आग्रहाखातर मी सोसायटीच्या ग्रुपवर विचारलंही. लाथ घालायला तयार असलेले बरेच निघाले, पायाळू एकही नाही. हल्ली मूल आडवं-उलटं असलं की सिझेरियनच करतात. पायाळू येणार कुठून?

म्हणून फिजिओथेरपीवालीकडे गेलो. मुलगी माझ्या भाचीच्या वयाची. तिने खांद्यावर एका जागी अंगठा रोवला आणि माझं कपाळ ठणकलं. तक्रार एका खात्याची, नोटीस दुसऱ्याला!

"ट्रिगर पॉइंट आहे काका, म्हणजे स्नायूतली आखडलेली गाठ. ड्राय नीडलिंग करू या."

"सुईत औषध कुठलं?"

"काहीच नाही. म्हणून तर ड्राय."

कोरडी भाकरी खाल्लीये, कोरडी सहानुभूती तर रोजच मिळते. पण कोरडी सुई, आणि तीही पैसे मोजून? तिने पाकीट फोडून सुई दाखवली. जाडी 0.30 मिलिमीटर, लांबी 40. इंजेक्शनची सुई पोकळ असते, ही भरीव. म्हणजे मनात आणलं तरी औषध घालायची सोय नाही.

माझा चेहरा बघून तिने इतिहास सांगितला. 1961 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या डॉक्टर झालेल्या जॅनेट ट्रॅव्हेल या ट्रिगर पॉइंटमध्ये बधिरतेचं औषध टोचत. केनेडींच्या पाठीवरही त्यांनी असेच उपचार केले होते. पुढे 1979 मध्ये प्रागच्या कारेल लेविट यांनी लिहिलं, की औषध वगळून नुसती सुई नेमक्या जागी टोचली तरी दुखणं थांबतं. हिशेब लागला. ते राष्ट्राध्यक्ष, त्यांना ओली. मी सोसायटीचा सेक्रेटरी, मला कोरडी.

पालथा झोपलो. तिने खांद्याचा स्नायू चिमटीत वर उचलला. "चिमटीत कशाला?" मी विचारलं. "खाली फुफ्फुसाचं टोक असतं ना, तिकडे सुई जाऊ नये म्हणून." काही प्रश्न विचारू नयेत, हे मला पन्नाशी उलटली तरी कळलेलं नाही.

प्लॅस्टिकची बारीक नळी टेकली, वर एक टिचकी. आत गेलेली सुई खरंच कळली नाही. मी "एवढंच?" म्हणणार, तोच तिने सुई जराशी वर-खाली केली आणि खांदा माझा राहिला नाही. पालीची तुटलेली शेपटी वळवळते तसं आत काहीतरी ताडकन उडालं. मी "आई गं" म्हणालो, ते बाहेर बाकावर बसलेल्या बायकोनेही ऐकलं.

"वा! मस्त ट्विच आला!" मुलगी हरखून म्हणाली. माझ्या कुठल्याही कामगिरीवर इतकं खूश गेल्या वीस वर्षांत कोणी झालेलं नाही. त्या भरात मी आणखी चार ठिकाणी टोचून घेतलं.

"दोन दिवस ठणकेल हं, काका. शेका, आणि सांगितलेले व्यायाम करा." ठणकलंच. आईने निरगुडीचा पाला गरम करून बांधला, तेव्हा तिसऱ्या दिवशी मान वळली ती कोरड्या सुईने की ओल्या पाल्याने, यावर आमच्या घरात वाद आहे. टोचल्यावर गाठ नेमकी का सुटते यावर तज्ज्ञांचंही एकमत नाही म्हणे. आईचं मात्र आहे.

पुढच्या मीटिंगला मी तयारीनिशी गेलो. कामाचा विषय निघताच मान डावी-उजवीकडे चांगली तीनदा खणखणीत हलवली.

"बघा!" चेअरमन म्हणाले. "मान सुटली यांची. आता टाकीचं कामही हेच बघतील."

सर्वानुमते मंजूर. इतिवृत्तात तसं मीच लिहिलं.