आधी काम विचारा, मग सुचवा!

“त्यात काय, विंडोज काढून लिनक्स टाक!” हे वाक्य आता पुन्हा कोणी ऐकवलं ना, तर त्या माणसाला मी दुकानाची पायरी चढू देणार नाही. डोकं उठलंय माझं.

ठाण्यात नौपाड्याला माझं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवून छापायचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, मुंजीची निमंत्रणं, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, असलं काम. सगळं ज्या कॉम्प्युटरवर चालतं तो २०१६ साली घेतलेला, सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह. आठ जीबी रॅम, मागाहून बसवलेली एसएसडी. आजवर एकदाही दगा दिला नाही त्याने. पण १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप हवी आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर आठव्या पिढीपासून पुढचा. झालं, चालता-बोलता कॉम्प्युटर म्हातारा ठरला. म्हणून मी चार जाणत्या लोकांना विचारलं, आता काय करू?

भाचा ऐरोलीत आयटीत आहे. फोनवरच म्हणाला, “मावशी, मिंट टाक, अर्ध्या तासाचं काम आहे.” मिंट म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, विंडोजच्या जागी कॉम्प्युटर चालवणारी फुकट सिस्टिम. स्टेशनजवळच्या दुकानदाराने मशीनकडे धड बघितलंही नाही, “मॅडम, भंगारात द्या, नवीन घ्या.” सोसायटीतले एक काका म्हणाले सरकारी सीडॅकचं बॉस लिनक्स घ्या, आपलं भारतीय आहे. आणखी एकाचं म्हणणं, मॅकच घ्या, एकदाच काय तो खर्च. चौघांची चार उत्तरं, आणि जो तो आपण काय वापरतो किंवा आपल्याला काय खपवायचंय तेच सांगतोय. “ताई, तुम्ही त्यावर करता काय?” एवढा साधा प्रश्न एकालाही सुचू नये?

भाच्याचं ऐकलं. रविवारी दुपारी पेनड्राइव्हवरून मिंट सुरू केलं. झटकन चालू झालं, वायफाय लागलं, बरं वाटलं. मग एक जुनी पत्रिका उघडली, आणि ‘श्री कुलस्वामिनी प्रसन्न’च्या जागी रोमन अक्षरं, डॉलर, टक्के आणि कंसांचा नुसता सडा! होणारच होता. माझ्या सतरा वर्षांच्या फायली युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला नंबर देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या फाँटमध्ये आहेत. त्या फाँटात ‘क’च्या पोटात रोमन अक्षराचाच नंबर असतो, फक्त चित्र मराठी. फाँट गेला की मराठी गेली. बरं, ते मराठी सॉफ्टवेअर फक्त विंडोजचं, आणि त्याला यूएसबीचं डाँगल लागतं, ती किल्ली लावल्याशिवाय ते उघडतच नाही. लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या वाइनमधून चालवून बघितलं, तर डाँगल सापडत नाही म्हणून बंद. भाच्याला फोन केला. “मग जुन्या फाँटाचं युनिकोड करणारा कन्व्हर्टर वापर ना!”

वापरला. बऱ्हाट्यांकडची पत्रिका होती, मुलीचं लग्न. कन्व्हर्टरमधून बाहेर आलं ‘बर्हाटे’. ‘ऱ्ह’मधल्या अर्ध्या र चा रफार करून ह च्या डोक्यावर बसवला! ज्यांनी ते बनवलं त्यांना हे दोन र वेगळे आहेत हेच माहीत नसणार. आचार्यांना दक्षिणा देतात आणि आचाऱ्यांना मजुरी, मराठी माणसाला हे सांगावं लागत नाही. ‘चि.सौ.कां.’मधली पहिली वेलांटी तर च सोडून पलीकडे उडाली होती. वधूपिता समोर बसलेला, हातात कच्ची प्रत, आणि स्वतःचंच आडनाव चुकलेलं. “अहो ताई, हे काय छापलंत?” काय उत्तर देऊ मी त्यांना? भाच्याने मिंट सुचवलंय म्हणून सांगू?

आणि ल, श? २००९च्या शासन निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श हीच मराठीची रूपं सांगितली आहेत. नव्या फाँटात बघते तर दोन्ही हिंदी वळणाचे. बऱ्याच चांगल्या फाँटांत मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली की आपली रूपं येतात. पण हे मला या चौघांतल्या एकाने सांगितलं नाही. रात्री अकरापर्यंत बसून माझं मी शोधलं.

लिनक्सवर माझा राग नाही. मुलीच्या चार जीबीच्या लॅपटॉपवर मिंटच आहे, कॉलेजचं सगळं ती लिब्रे ऑफिसमध्ये करते. तिचं काम वेगळं, माझं वेगळं! मला कोणीतरी नीट बसून सांगायला हवं होतं: जुन्या फायलींसाठी हा कॉम्प्युटर असाच ठेव, फक्त नेटची वायर काढ. नवीन कामं युनिकोडमध्ये सुरू कर, मुक्ता, बालूसारखे मुंबईत घडलेले फाँट फुकट आहेत. पानं जुळवायला स्क्रायबस हे फुकट सॉफ्टवेअर घेशील तर १.६ घे, जुन्या १.४मध्ये जोडाक्षरं फुटतात. नोंदणी केली तर विंडोज १०लाही सपोर्ट संपल्यावर आणखी वर्षभर सुरक्षेचे अपडेट मिळायची सोय ठेवली होती, हेसुद्धा कोणी बोललं नाही. दहा मिनिटांचं बोलणं होतं हे. त्याऐवजी माझा रविवार गेला, सोमवार गेला, आणि एका चांगल्या गिऱ्हाइकापुढे मान खाली घालावी लागली.

वर परवा भाचा विचारतो, “मावशी, मिंट नाही आवडलं का? मग फेडोरा बघ, तेही लिनक्सच.”

दुकान सकाळी दहाला उघडतं. ज्याला अजून काही सुचवायचं असेल त्याने यावं, स्टुलावर बसावं, आणि बऱ्हाट्यांची पत्रिका त्या जुन्या फायलीतून स्वतःच्या लाडक्या सिस्टिमवर काढून दाखवावी. कागद माझा. ‘ऱ्ह’ मात्र ‘ऱ्ह’च छापून आला पाहिजे.