उत्तर नंतर लिहा, आधी योग्य पान शोधा

मध्य रेल्वेची ओळीतली चार स्टेशनं घ्या. ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा. यातले तीन शब्द रोजच्या मराठीत वेगळ्याच अर्थाने वापरले जातात. ठाणे हे शहर आहे आणि पोलिसांचंही ठाणे असतं. कळवा खाडीपलीकडे आहे आणि ‘माहिती कळवा’ असंही आपण लिहितो. दिवा जंक्शन आहे, दिवा देवापुढेही लागतो. ‘कळवा पाणी’ असं शोधणाऱ्या माणसाला ‘पाणीगळती आढळल्यास त्वरित कळवा’ ही सूचना पहिल्या क्रमांकावर मिळाली, तर बिचाऱ्या सर्चचं शब्द जुळवण्याचं काम चोख झालेलं असतं. तरी माणसाच्या हाती काहीच लागत नाही.

सध्या सगळीकडे बोललं जातं ते सर्चच्या नव्या रूपाबद्दल. आधी दहा दुवे यायचे, त्यातून वाचणारा निवडायचा. गूगलने एआय ओव्हरव्ह्यू, म्हणजे निकालांच्या वर दिसणारा एआयने लिहिलेला सारांश, मे २०२४मध्ये अमेरिकेत सुरू केलं, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारतात आणलं, आणि २०२५मध्ये एआय मोडही आला. त्यात एका प्रश्नाचे अनेक उपप्रश्न करून ते एकाच वेळी शोधले जातात आणि सापडलेल्यातून सलग उत्तर लिहिलं जातं. आता ठाणे-नवी मुंबईतल्या संस्था, वाचनालयं, बातम्यांच्या साइट आणि कार्यालयंही ‘आमच्या साइटवर एआय सर्च बसवा’ म्हणू लागली आहेत.

या यंत्रणेत दोन वेगळी कामं असतात. एक, पानांच्या ढिगातून योग्य परिच्छेद शोधणं. दोन, त्या परिच्छेदांवरून उत्तर लिहिणं. दुसरं काम मराठीत आता बऱ्यापैकी जमतं. पहिलं फार कच्चं आहे. आणि लिहिणं सफाईदार झाल्यामुळे शोधण्यातला कच्चेपणा झाकला जातो, हे मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. चुकीचा दुवा आला तर माणूस मागे जाऊन दुसरा उघडायचा. चुकीच्या परिच्छेदावरून लिहिलेलं गोड मराठी वाक्य आलं की तो तिथेच थांबतो.

‘ठाणे जिल्ह्यात तालुके किती?’ हा प्रश्न घ्या. १ ऑगस्ट २०१४ला पालघर जिल्हा वेगळा झाला. त्याआधी तालुके १५ होते, आता ७ आहेत. जुनी पानं नेटवर तशीच पडून आहेत आणि त्यांत १५ची यादी व्यवस्थित छापलेली आहे. शोधणाऱ्या टप्प्याला तारखेचं भान नसेल तर लिहिणारा टप्पा प्रामाणिकपणे १५ सांगेल. तसंच खारघरचं. बोलताना आपण खारघरला नवी मुंबईच म्हणतो, पण २०१६पासून ते पनवेल महापालिकेत आहे आणि जिल्हा रायगड. ‘नवी मुंबई खारघर मालमत्ता कर’ असं विचारलं की नवी मुंबई महापालिकेचं पान वर येण्याची पूर्ण शक्यता. माणूस त्या पानावर आपला क्रमांक टाकत बसतो आणि ‘नोंद आढळली नाही’ वाचतो.

आता मूळ अडचण. मराठीत शब्द जसाच्या तसा फारसा येतच नाही. आधी त्याचं सामान्यरूप होतं, मग प्रत्यय लागतो, मग त्यावर आणखी काही. ठाणे, ठाण्यात, ठाण्यातल्या, ठाण्यातल्यांनाही. यंत्राच्या लेखी हे चार निराळे शब्द. नुसतं शेपूट छाटून भागत नाही. ‘ठाण्यात’मधून ‘ात’ काढलं की ‘ठाण्य’ उरतं, आणि ‘दिव्यात’मधून काढलं की ‘दिव्य’! म्हणून शेपटीकडून उलटं यायचं: आधी ‘ही’, ‘च’, ‘सुद्धा’ काढा, मग विभक्ती, मग उरलेल्याच्या शेवटी ‘्या’ असेल तर चार पर्याय तयार करा. आकारान्त (दिवा), एकारान्त (ठाणे), ईकारान्त (पाणी) आणि यकारान्त (दिव्य). यातला जो पर्याय तुमच्या स्वतःच्या पानांत मूळ शब्द म्हणून सापडतो तोच ठेवा. सापडलाच नाही तर छाटू नका. ही एक अट घातली नाही तर ‘वसाहत’चं ‘वसाह’ होतं. मूळ लिहिलेलं रूप वेगळ्या रकान्यात जपा आणि त्याला जास्त वजन द्या. सुरुवातीला तीनास एक धरा, मग चाचणी घेऊन बदला.

बरेच जण हा सगळा खटाटोप टाळून हिंदीचा तयार अ‍ॅनालायझर मराठीला लावतात (अ‍ॅनालायझर म्हणजे शब्द तोडून-छाटून शोधासाठी तयार करणारा भाग). लिपी एक म्हणून भाषा एक होत नाही. हिंदीच्या वगळायच्या शब्दांत ‘कर’ असतो, कारण तिथे ‘जाकर’, ‘देखकर’मधला तो किरकोळ शब्द. मराठीत ‘मालमत्ता कर’मधून ‘कर’ गेला तर उरलं काय? महापालिकेच्या साइटवर तर तोच शब्द सगळ्यात महत्त्वाचा.

अक्षरांचीही एक खोच आहे. ‘ॲप’मधला पहिला स्वर तीन प्रकारे टाइप होतो: ॲ हे स्वतंत्र अक्षर, ‘अ’वर चंद्र देऊन, किंवा हिंदी कीबोर्डवरचा ऍ. डोळ्याला तिन्ही जवळजवळ सारखेच, यंत्राला तीन शब्द. ‘युनिकोड नॉर्मलायझेशन केलंय’, म्हणजे एकाच अक्षराच्या निरनिराळ्या नोंदी मानकाप्रमाणे सारख्या केल्यात, एवढ्याने हे एक होत नाहीत, कारण मानकात त्यांना समान धरलेलंच नाही. तक्ता आपणच करायचा. उलट ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ हे कधीच एक करू नयेत. एक गुरू, दुसरा स्वयंपाकी. जोडणारं अदृश्य अक्षर ‘कचरा’ समजून सरसकट पुसणारे लोक हाच घोळ करतात, कारण अनेक कीबोर्ड ऱ्य काढताना तेच अक्षर वापरतात. आधी त्याचं ‘ऱ’मध्ये रूपांतर करा, मग उरलेली अदृश्य अक्षरं पुसा. नेरूळ-नेरुळ, पाणीपुरवठा-पाणी पुरवठा, देवनागरी आणि इंग्रजी आकडे हे सोपे प्रकार आहेत, एका बैठकीत उरकतात.

‘व्हेक्टर सर्च आलं, आता या व्याकरणाची गरज नाही,’ असं हल्ली ऐकू येतं. अर्धं खरं आहे. परिच्छेदाचा अर्थ काही शे ते हजारभर आकड्यांच्या रांगेत, उदाहरणार्थ ७६८ किंवा १०२४, मांडायचा आणि प्रश्नाच्या रांगेजवळची रांग शोधायची, ही कल्पना उत्तम आहे. ‘घरपट्टी’ विचारलं तर ‘मालमत्ता कर’ असं लिहिलेलं पान सापडतं, हे शब्द जुळवून कधीच झालं नसतं.

पण नवी मुंबईत पत्ता कसा असतो? नोड, म्हणजे वाशी-नेरूळसारखा विभाग, आणि सेक्टर. वाशी सेक्टर १७, ऐरोली सेक्टर १७, नेरूळ सेक्टर १५, नेरूळ सेक्टर १६. व्हेक्टरच्या नजरेत ही सगळी वाक्यं एकमेकांच्या कुशीत बसलेली असतात. सेक्टर १५चं पाणी बंद असल्याची सूचना १६च्या माणसाला मिळते, तीही पूर्ण आत्मविश्वासाने. आकडे, सर्व्हे नंबर, ठराव क्रमांक, पिनकोड यांना अक्षरशः जुळणीच हवी. शिवाय व्हेक्टर सर्च रिकाम्या हाताने कधी परत येत नाही. जवळचं काहीतरी नेहमीच असतं, ते कितीही लांब असो. म्हणून अंतराची मर्यादा ठरवून ‘सापडलं नाही’ असं म्हणायला शिकवावं लागतं.

म्हणून दोन्ही शोध एकत्र चालवा. शब्दजुळणीसाठी बीएम२५ ही १९९०च्या दशकातली पद्धत आजही भक्कम आहे. तिच्यात एक शब्द पुन्हा पुन्हा आला म्हणून गुण वाढतच जात नाहीत, एका पातळीनंतर थबकतात. नवी मुंबईतल्या पोलीस ठाण्यांच्या यादीत ‘ठाणे’ वीस वेळा आलं तरी तिला वीसपट गुण मिळत नाहीत, ही तिची कृपा. तिचे पहिले १०० आणि व्हेक्टरचे पहिले १०० घ्या आणि क्रमांकांवरून मेळ घाला. प्रत्येक यादीत पानाचा जो क्रमांक असेल त्यात ६० मिळवून एकाला त्याने भागा, मग बेरीज करा. एकाच यादीत पहिलं आलेल्या पानाला ०.०१६४ मिळतात. दोन्हीकडे पाचवं आलेल्याला ०.०३०८. दोघांनी मान्य केलेलं पान वर येतं आणि दोन पद्धतींच्या वेगवेगळ्या गुणांची तुलना करत बसावं लागत नाही. मग वरचे पन्नास एका रीरँकरकडून, म्हणजे प्रश्न आणि परिच्छेद एकत्र वाचून क्रम ठरवणाऱ्या मॉडेलकडून, पुन्हा लावून घ्या आणि उत्तर लिहिणाऱ्याला पाचच द्या. पन्नास दिले तर उत्तर सुधारत नाही, भरकटतं.

परिच्छेदांचे तुकडे पाडताना बहुतेकांचा हात इथे पोळतो. मजकुराची आकड्यांची रांग करणाऱ्या अनेक एम्बेडिंग मॉडेलची मर्यादा ५१२ टोकनची, म्हणजे शब्दांच्या तुकड्यांची, असते. मराठी शब्दाचे बरेचदा दोन-तीन टोकन होतात, म्हणजे दोनशे-अडीचशे शब्दांतच कोटा संपतो. त्यापुढचा मजकूर कुठलीही सूचना न देता गळतो. परिपत्रकाचा खालचा अर्धा भाग शोधाच्या सूचीत (इंडेक्समध्ये) आलेलाच नाही, हे महिनोन्महिने कळत नाही. १५० ते १८० शब्दांचे तुकडे करा, शेजारच्या तुकड्यांत तीसेक शब्द सामाईक ठेवा. आणि प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर शीर्षक, जागा आणि दिनांक पुन्हा लिहा. आपल्या सरकारी मराठीत जागेचं नाव विषयात एकदाच येतं, खाली सगळीकडे ‘सदर विभागात’ आणि ‘उपरोक्त ठिकाणी’. असा तुकडा सुटा काढला की तो कुठलाच राहत नाही. जुनं परिपत्रक अधिक्रमित झालं असेल तर तशी खूण करा, उत्तर लिहिणाऱ्यापर्यंत ते जाऊच देऊ नका. ई-५ जातीची मॉडेल वापरत असाल तर प्रश्नाआधी ‘क्वेरी’ आणि मजकुराआधी ‘पॅसेज’ ही खूण इंग्रजीत लावावी लागते. विसरलात तर काही मोडत नाही, निकाल मात्र घसरतात.

पीडीएफ हा तर वेगळाच संसार. जुनी कागदपत्रं श्री-लिपी, कृतिदेव, डीव्हीबी-टीटी सुरेख अशा फॉन्टमध्ये आहेत. पडद्यावर मराठी, आत रोमन अक्षरांचा चिवडा. मजकूर बाहेर काढला की त्यातली देवनागरी अक्षरं किती टक्के ते मोजा. निम्म्याहून कमी असतील तर तो फॉन्ट बदलून घ्या किंवा पान ३०० डीपीआयवर प्रतिमा करून, प्रतिमेतली अक्षरं ओळखणाऱ्या टेसरॅक्टच्या मराठी मॉडेलमधून काढा. युनिकोड पीडीएफवरही विसंबू नका. मात्रा किंवा हलन्ताने सुरू होणारे शब्द शोधा. असे बरेच निघाले तर जोडाक्षरं फुटलेली आहेत आणि त्या पानावर शोध चालणार नाही.

आता पडद्यावर काय दिसावं. माझं मत ठाम आहे: प्रत्येक वाक्याशेजारी ते ज्या परिच्छेदावरून घेतलं तो परिच्छेद, त्याचा दिनांक आणि देणारं कार्यालय, हे एका बोटात उघडलं पाहिजे. तळाशी पाच दुव्यांची जुडी बांधणं पुरेसं नाही. अर्थ दोन निघत असतील तर यंत्राने अंदाज करू नये, दोन बटणं दाखवावीत: ‘कळवा परिसर’ आणि ‘तक्रार कळवा’. नोड निवडायची पट्टी वरच असावी. रोमन अक्षरांत मराठी टाइप करणाऱ्यांनाही सामावून घ्या. घरपट्टीत टी एक की दोन, ए कुठे, याचा नेम नसतो, म्हणून स्वर काढून आणि लागोपाठ आलेली सारखी अक्षरं एक करून व्यंजनांचा सांगाडा जुळवा.

मूळ मजकूर लिहिणाऱ्या साइटचंही पाहायला हवं. प्यू रिसर्च सेंटरने २०२५मध्ये अमेरिकेतल्या वापराचा अभ्यास प्रसिद्ध केला. एआय सारांश दिसला तेव्हा शोधांपैकी ८ टक्क्यांत लोकांनी निकालाचा दुवा उघडला, सारांश नसताना १५ टक्क्यांत. सारांशातल्या दुव्यावर गेले ते १ टक्का. मराठीत जीव ओतून लिहिणाऱ्या छोट्या साइटला हे परवडणारं नाही. आणि साइटच्या रोबोट्स फाइलमध्ये ‘गूगल-एक्सटेंडेड’ अडवलं की एआय ओव्हरव्ह्यूतून सुटका होते, हा गैरसमज आहे. त्याचा संबंध जेमिनी या गूगलच्या एआयशी. ओव्हरव्ह्यूसाठी पानावर ‘नोस्निपेट’सारखी, म्हणजे उतारा दाखवू नये अशी, खूण लावावी लागते, आणि त्याने साध्या निकालातली ओळही जाते. हा सौदा अन्यायाचा आहे असं मला वाटतं.

कुठलाही एआय बसवण्याआधी शंभर खरे प्रश्न जमवा. काउंटरवर विचारले जाणारे, साइटच्या लॉगमध्ये शून्य निकाल आलेले. प्रत्येकाचं योग्य पान हाताने ठरवा आणि पहिल्या दहांत ते किती वेळा येतं ते मोजा. शंभरात साठ येत असेल तर उत्तर लिहिणारं मॉडेल कितीही महागडं घ्या, उरलेल्या चाळिसांत ते चुकीच्या पानावरूनच लिहिणार. तो आकडा नव्वदीच्या पुढे गेल्यावर दुसऱ्या टप्प्याकडे वळा.

एक गोष्ट कुठल्याच मॉडेलकडून तयार मिळत नाही: आपली बोलीतली नावं. मासुंदा तलावाला ठाणेकर तलावपाळी म्हणतात. बाजार समिती, एपीएमसी, वाशी मार्केट ही एकाच जागेची नावं. माजिवडा की माजिवाडा, कोपरखैरणे की कोपर खैरणे. अशा जोड्यांची यादी मोकळेपणाने सगळ्यांना वापरता यावी म्हणून करायला घेतली आहे. तुमच्या भागातलं कागदावरचं नाव आणि तोंडातलं नाव खाली लिहा, सोबत नोड किंवा प्रभागही टाका.