क्लाउनफिश प्रवाळ ‘निवडतो’ म्हणे!

सांगली-मिरजेकडच्या मासे पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतोय. सोबत छोटा व्हिडिओ, टॉर्च नावाच्या प्रवाळाच्या हिरव्या बोटांत लोळणाऱ्या क्लाउनफिशच्या, म्हणजे सिनेमातल्या निमोच्या, जोडीचा. मजकूर साधारण असा: ‘निमोला घर लागतंच, नाहीतर तो खंगून मरतो. समुद्रफूल (सी अ‍ॅनिमोन) सांभाळायला अवघड, म्हणून टॉर्च घ्या. आठवडाभरात मासा आपलं घर निवडतो. हे निसर्गातलंच सहजीवन आहे, दोघांचाही फायदा.’

परवा विश्रामबागेत आमच्याकडे एक कॉलेजचा पोरगा आला, त्यानं हाच मेसेज पुढे धरला. “दादा, मासे आणून चार दिवस झाले. वर येऊन धापा टाकायलेत. घर नाही म्हणूनच असणार. टॉर्च घेऊन टाकू काय?” टँक भरून जेमतेम तीन आठवडे झालेले. टँकचं पाणी त्यानं बाटलीत भरून आणलेलं, त्याकडे नंतर येतो, आधी मेसेज.

‘घर लागतंच, नाहीतर मरतो.’ समुद्रात हे खरंच आहे. क्लाउनफिश पोहायला कच्चा, उघड्यावर सापडला की कुणाच्या तरी पोटात गेलाच. म्हणून तो समुद्रफुलाच्या दंश करणाऱ्या बोटांत राहतो. अंगावरच्या चिकट थरामुळे त्याला स्वतःला तो दंश बाधत नाही. पण तुमच्या तीन फुटी टँकमध्ये त्याला खाणार कोण? शिवाय दुकानात मिळणारे बरेच क्लाउनफिश आता हॅचरीतले असतात. आपल्याकडे तामिळनाडूत मंडपमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं त्यांची पैदास केलेली आहे. अशा पिल्लानं समुद्रफूल जन्मात पाहिलेलं नसतं.

माझ्या जोडीनं पहिलं दीड वर्ष वेव्हमेकरमागच्या, म्हणजे पाणी खेळवणाऱ्या पंपामागच्या, कोपऱ्यात काढलं. रात्री दिवे बंद झाले की मादी काचेला टेकून तिरकी व्हायची आणि नर तिच्या शेपटीखाली. रोज तोच कोपरा, तोच तिरकेपणा. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं, गेले बिचारे. सकाळी खायला दोघं सगळ्यांच्या आधी हजर. तिथंच एका खापरावर त्यांनी अंडीही घातली. कुणाची जोडी हीटरशी संसार मांडते, कुणाची मातीच्या कुंडीत, कुणाची शेवाळाच्या झुबक्यात. घराची ओढ असते, पण त्यापायी कुणी जीव देत नाही.

‘निसर्गातलंच सहजीवन’ म्हणणाऱ्यानं निसर्ग बघितलेला दिसत नाही. समुद्रफुलांच्या हजारभर जातींपैकी क्लाउनफिशला आसरा देणाऱ्या साधारण दहाच. आपल्याकडे सर्रास विकला जाणारा केशरी-पांढरा ओसेलारिस तर त्यातल्याही तीनच जातींत राहतो. त्या यादीत टॉर्च नाही, त्याच्यासारखं हॅमर प्रवाळही नाही. समुद्रात प्रवाळात मुक्काम ठोकलेला क्लाउनफिश तुरळकच. टँकमध्ये त्याला काहीतरी लांब, मऊ, हलणारं दिसतं आणि तो त्यावर भागवतो. गंमत म्हणजे टँकमध्ये ज्या बबल-टिप समुद्रफुलात ओसेलारिस खुशाल राहतो, तेही त्याचं समुद्रातलं घर नव्हे.

‘आठवडाभरात निवडतो’ यावर वेळ घालवत नाही. कुणी तासाभरात निवडतो, कुणी दोन वर्षांनी, कुणी कधीच नाही. काचेला बाहेरून समुद्रफुलाचं रंगीत चित्र चिकटवायची युक्तीही मी केलेली आहे. घरच्यांची करमणूक झाली, मासे कोपऱ्यातच.

खरा घोळ ‘दोघांचाही फायदा’ या दोन शब्दांच्या आत आहे. समुद्रफूल आणि क्लाउनफिश यांचा व्यवहार रोखठोक असतो. मासा समुद्रफूल खायला येणाऱ्या बटरफ्लाय माशांना हाकलतो, त्याच्या विष्ठेतला आणि अमोनियातला नायट्रोजन समुद्रफुलातल्या सूक्ष्म शैवालाला खत म्हणून मिळतो, त्याच्या वळवळण्यानं पाणी खेळतं राहतं. आता घरातला टँक बघा. बटरफ्लाय नाही. पाणी वेव्हमेकर खेळवतोय. नायट्रोजन तर इतका, की आपण दर पंधरवड्याला पाणी बदलतो ते तो काढायलाच. फायद्याचे रकाने रिकामेच. मासा कधीकधी प्रवाळाला घास भरवतो हे खरं, मीही पाहिलंय. पण तेवढ्यावर भाडं फिटत नाही.

कारण टॉर्चला खाली सांगाडा आहे. समुद्रफूल नखशिखांत मऊ. कितीही लोळा, दाबलं जातं आणि परत फुलतं. टॉर्चचं मांस मात्र चुन्याच्या धारदार पात्यांवर पातळ गादीसारखं पसरलेलं. मासा रोज शंभरदा घुसळायला लागला की ते मांस त्याच पात्यांवर घासतं, फाटतं. जखमेवर तपकिरी चिकट लगदा धरला, ज्याला सगळे ब्राऊन जेली म्हणतात, की एकेक डोकं, म्हणजे बोटांचा एकेक झुबका, बघता बघता जातं. व्हिडिओत आहे ते हाताएवढं जुनं, भरलेलं प्रवाळ. तुम्हाला दुकानात मिळणार दोन डोक्यांचा तुकडा.

आणि ज्यांना सांगाडा नाही त्यांचंही ऐका. माझी जोडी दीड वर्षानंतर टोडस्टूल प्रवाळात राहायला गेली. मी खुश, फोटो काढले. दुसऱ्या दिवसापासून टोडस्टूल मिटलं. हे प्रवाळ अधूनमधून मिटून मेणासारखी साल टाकतंच, म्हणून मी महिनाभर ‘साल टाकतंय’ म्हणत बसलो. मग एकदा बॅटरीचा उजेड मारून बघितलं तर एका बाजूची कड पांढरी पडलेली, बरोब्बर मादी झोपायची तिथं. भाजीची प्लॅस्टिकची जाळीदार टोपली त्यावर उपडी घातली. पाचव्या दिवशी बोटं बाहेर आली. मादी आठवडाभर टोपलीला तोंड आपटत राहिली, मग निमूट कोपऱ्यात गेली.

मेसेजमधलं एक वाक्य बरोबर आहे: समुद्रफूल अवघड. ते जागा सोडून सरकत फिरतं, वेव्हमेकरमध्ये ओढलं जाऊन चिंध्या झालं किंवा कुठं मेलं तर सगळा टँक नासवतं. पण म्हणून टॉर्च सोपं होत नाही. त्याला कॅल्शियम, क्षारता, तापमान, सगळं एकसारखं लागतं, आणि इथं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. कायदाही बघा. 2001 पासून कठीण प्रवाळं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. आपल्या समुद्रातलं प्रवाळ काढणं, विकणं, विकत घेणं गुन्हा. परदेशातून आणायचं तर साइटिसचे, म्हणजे संकटातल्या जीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे, कागद लागतात. मला इथल्या एका दुकानदारानं कागद विचारल्यावर “पाहुण्याकडनं आलंय” म्हणून सांगितलं होतं.

आता पोराची बाटली. खारेपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब टाकला, 1.031. पाहिजे 1.025 च्या आसपास. पाणी उडून गेलं तरी मीठ मागेच राहतं, आणि हा रोज कमी झालेलं पाणी मिठाच्याच पाण्यानं भरत होता. माशांना विषारी असलेला अमोनिया तपासायच्या किटची नळी हिरवी झाली. ती पिवळीच राहायला हवी होती. मासे धापा टाकत होते ते यामुळे. घरी जाऊन थोडं थोडं पाणी बदल, रोज, वरची भर साध्या आरओ पाण्याची, खाणं निम्मं, टॉर्चचे पैसे खिशातच ठेव, एवढं सांगितलं.

आठवड्यानं फोन आला. मासे खाली उतरलेत, खातायत.

“पण दादा, दोघं हीटरच्या मागंच बसायलेत.”

“बसू दे की.”